तळोद्याचा रोशा

इतिहासाच्या पुस्तकात तळोद्याचे नाव येते ते बहुधा बारगळांच्या गढीमुळे. होळ गावचा एक पोरका मुलगा आईचे बोट धरून इथे मामाकडे, भोजराज बारगळांकडे आला. इथेच वाढला. मामाची मुलगी गौतमाबाई हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि पुढे तो सुभेदार मल्हारराव होळकर म्हणून हिंदुस्थानभर गाजला. शाळेत आम्ही वर्षानुवर्षे इतिहास शिकवला तो याच गोष्टीपासून सुरुवात करून. आपल्या गावातूनही इतिहास गेला आहे, हे ऐकताना मुलांचे डोळे मोठे व्हायचे.

पण तळोद्याच्या इतिहासात तलवारीखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही मुलांना कधी सांगितली नाही, कारण आम्हालाच ती नीट ठाऊक नव्हती. ती गोष्ट एका गवताची आहे.

इंग्रजी अमदानीत सरकारने जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटियर छापले. खानदेशचा खंड १८८० सालचा. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा हे जुने ग्रंथ आम्ही चाळले. तळोद्याविषयी त्यांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत. खानदेशातली इमारती लाकडाची मुख्य बाजारपेठ इथे होती. खानदेशातल्या सर्वांत चांगल्या बैलगाड्या इथे बनत आणि एका गाडीला चाळीसेक रुपये पडत. आणि इथे रोशा गवताच्या तेलाचा मोठा व्यापार चाले. लाकडाचे आम्हाला नवल वाटले नाही. मेवासी वनविभागाचे कार्यालय अजून आमच्या गावातच आहे. गाड्यांचेही वाटले नाही. पण तिसरी गोष्ट वाचली आणि आम्ही चष्मा काढून बराच वेळ बसून राहिलो. कारण आम्हाला आमच्या घरातली देग आठवली.

आमच्या जुन्या घराच्या परसात तांब्याची एक मोठी देग पालथी पडलेली असे. बुडाला काजळी धरलेली आणि काठाला चेमटलेली. पावसाळ्यात तिच्याखाली कोंबड्या बसत. लग्नकार्यात पुलावासाठी ही देग का काढत नाहीत, असे आम्ही लहानपणी दादीला विचारले होते. दादी म्हणाली, "बेटा, ये रोसे की देग है. इसमें खाना पकाया तो खाने में भी रोसा आएगा." रोसा म्हणजे काय हे आम्ही विचारले नाही. मुले असे प्रश्न विचारत नाहीत आणि विचारायचे वय होते तोवर दादी राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात अब्बांनी ती देग वजनावर मोडीत घातली. त्या पैशांत घरात ज्वारी आली. अब्बांचे काही चुकले असे आम्हाला आजही वाटत नाही. पण गॅझेटियरचे ते पान वाचताना एवढे कळले की आमच्या घरातून नुसते तांबे गेले नव्हते.

रोशा, रोशेल, तिखाडी, रोहिष ही सगळी नावे एकाच गवताची. सातपुड्याच्या कोरड्या, उघड्या उतारांवर ते आपोआप उगवते. ते बारमाही आहे. वरचा भाग उन्हाळ्यात वाळून कोळ झाला तरी जमिनीतला ठोंब जिवंत राहतो आणि मृगाच्या सरी पडल्या की पुन्हा फुटतो. वाढले म्हणजे पुरुषभर, कधी त्याहून उंच होते. पानाची ओळख सोपी आहे. ज्या ठिकाणी पान काडीला चिकटते तिथे ते रुंद होऊन काडीला दोन्ही बाजूंनी कवेत घेते, बदामाच्या आकारासारखे. दिवाळीच्या आगेमागे शेंड्याला तुरे येतात. आधी फिके, मग तांबूस. गुलाबाचे फूल डोळ्यांत भरते. रोशाचे फूल शेजारून गेलो तरी दिसत नाही. पण तुरा हातात चुरगाळला की माणूस थबकतो. गवतातून गुलाबाचा वास येतो.

हा वास गवताबाहेर काढायची रीत जुन्या नोंदींत बारकाईने दिली आहे. पावसाळा सरत आला की भिल्ल लोक डोंगरातून गवत कापून आणत. तेल काढणारे ते विकत घेत, गंजी लावत आणि ओढ्याच्या काठी भट्टी मांडत. जमिनीत खड्डा खणून चूल, चुलीवर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी देग. देगीत थोडे पाणी घालून ती कापलेल्या गवताने काठोकाठ भरायची, वर लाकडी झाकण ठेवायचे आणि फटी लिंपून घ्यायच्या. झाकणातून बांबूची पोकळ नळी निघे आणि तिचे दुसरे टोक ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या अरुंद तोंडाच्या भांड्यात जाई. खाली जाळ, वर वाफ, पलीकडे थंड पाणी. वाफ नळीतून जाऊन भांड्यात निवायची आणि पाण्यावर तेलाचा तवंग धरायचा. तो अलगद काढून घ्यायचा. एवढ्या मोठ्या गंजीतून तेल निघायचे ते थोडेसेच. शंभर किलो ओल्या गवतातून तीनशे ते पाचशे ग्रॅम, हे प्रमाण आजही फारसे बदललेले नाही.

हे काम कोण करत असे? तेल काढणारे मुसलमान आणि गवत आणणारे भिल्ल, एवढेच लिहिले आहे. नाव एकाचेही नाही. साहेबाने देगीची मापे लिहिली, खड्ड्याची लांबीरुंदी लिहिली, पण देगीपाशी बसलेल्या माणसाला नाव विचारले नाही. आमच्या पणजोबांची देग त्या मापांत बसत होती की नाही, हे आता सांगायला देगही नाही आणि पणजोबाही नाहीत. तरी ते पान आम्ही आमच्या घरचे पान म्हणून वाचतो. गवत कापणाऱ्या बाईचे घर मात्र कुठल्याच पानात नाही. तिच्या डोक्यावरचा भारा नसता तर आमच्या देगीला अर्थ नव्हता.

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरले जाई. बैलांच्या पाठीवर लादून एक वाट कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला उतरे आणि दुसरी धुळे, मनमाडवरून मुंबईला जाई. आज कोंडाईबारी घाटातून सुरतेकडे ट्रकची रांग असते. त्या रांगेत अडकलो की आम्ही बैलांच्या पाठीवरचे बुधले डोळ्यांपुढे आणतो. सारा घाट तेव्हा घमघमत असेल. मुंबईहून ते तेल जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात जाई.

तिथे त्याचे काय होई, हे वाचून आम्हाला आधी हसू आले आणि मग जरा ओशाळल्यासारखे झाले. तुर्कस्तानात या तेलाला 'इद्रिस यागी' म्हणत. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याचे नाव 'तुर्की जिरेनियमचे तेल' ठेवले होते. वास्तविक ते तुर्की नव्हते आणि त्यात जिरेनियमही नव्हते. इस्तंबूलचे व्यापारी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घुसळत, उन्हात ठेवून फिके करत आणि मग गुलाबाच्या अत्तरात मिसळत. तेव्हा उस्मानी राज्यात असलेल्या आणि आज बल्गेरियात मोडणाऱ्या कझानलिकच्या गुलाबबागा जगप्रसिद्ध आहेत. तिथे तर अत्तर गाळण्याआधी गुलाबाच्या पाकळ्यांवरच हे तेल शिंपडत. म्हणजे पॅरिसची एखादी बाई कझानलिकचा गुलाब म्हणून जे रुमालाला लावत होती, त्यात थोडा सातपुडा असण्याचा बराच संभव होता.

आमच्या वाडवडिलांनी भेसळीचा माल बनवला, असे याला म्हणायचे का? आम्ही बरेच दिवस हा प्रश्न मनात घोळवला. तळोद्याच्या ओढ्याकाठी जे निघत होते ते शुद्ध रोशेल होते आणि रोशेल म्हणूनच विकले जात होते. त्याचे नाव बदलले ते पुढे, समुद्रापलीकडे. आणि शास्त्र आता असे सांगते की गुलाबात जो सुवासाचा एक मुख्य घटक आहे, जिरेनिऑल, तोच रोशात आहे. चांगल्या रोशेलात तो शेकडा पंचाहत्तरच्या वर असतो. गुलाबातला वेगळा आणि गवतातला वेगळा असे काही नाही, घटक एकच. फरक पडला तो कुळाचा. बागेत उगवले ते अस्सल ठरले आणि डोंगरात उगवले ते भेसळ. अस्सल कोण आणि भेसळ कोण, हे ठरवण्याचा अधिकार बाजार नेहमी स्वतःकडे ठेवतो. या दोन शब्दांशी आमच्या वाचकांचीही जुनी ओळख आहे. अधिक बोलायला नको.

या गवताच्या शास्त्रीय नावाचीही एक कथा आहे. त्याला सिम्बोपोगॉन मार्टिनी म्हणतात. यातला मार्टिन म्हणजे जनरल क्लॉड मार्टिन. जन्म फ्रान्समधल्या लिआँ शहरात, चाकरी ईस्ट इंडिया कंपनीची, वास्तव्य लखनौला. ज्याच्या पैशातून ला मार्टिनियरच्या शाळा निघाल्या तोच हा. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दक्षिणेतल्या बालाघाटात असताना त्याच्या ध्यानात आले की गुरे एका वासाच्या गवतावर तुटून पडतात, आणि ते खाल्ल्यावर त्यांच्या मांसाला, दुधाला, लोण्यालासुद्धा तो वास येतो. त्याने बी गोळा करून लखनौला नेले आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख रॉक्सबर्ग यांना पाठवले. रॉक्सबर्गनी गवताला त्याचे नाव दिले. ज्या डोंगरातल्या माणसांनी हे गवत पिढ्यान्‌पिढ्या ओळखले, ज्याला आयुर्वेदाने रोहिष म्हटले, त्याच्या नावात आता कायमचा एक फ्रेंच सेनापती बसला आहे. आमची तक्रार नाही. निदान त्याने गुरांचे तोंड कुठे वळते ते पाहिले.

पण गॅझेटियरात हे नाव नाही. तिथे तळोद्याच्या गवताला भलतेच नाव आहे, अँड्रोपोगॉन शोएनँथस. ते वाचताना आम्ही थबकलो, कारण ते नाव खरे पाहता अरबस्तानातल्या इजखिर गवताचे. हदीसच्या वाचकांना इजखिर परके नाही. मक्का जिंकल्याच्या दिवशी पैगंबरांनी (स.) जाहीर केले की या पवित्र भूमीतले झाडझुडूप, गवत कुणी तोडायचे नाही. तेव्हा हजरत अब्बास (र.) यांनी अर्ज केला की इजखिर तेवढे सोडा, आमच्या सोनारांना ते लागते, घरांच्या छपरांना लागते, कबरींना लागते. आणि इजखिर वगळले गेले. उहुदच्या लढाईत मुसअब बिन उमैर (र.) शहीद झाले तेव्हा त्यांना कफन अपुरे पडले. डोके झाकले की पाय उघडे राहत. मग पायांवर इजखिर घातले गेले. मदिनेत तापाने फणफणलेल्या हजरत बिलाल (र.) यांना मक्केची आठवण आली तीही इजखिर उगवणाऱ्या दरीची. घराचे छप्पर, कबर आणि मायभूची आठवण, एका गवताच्या वाट्याला याहून मोठा मान कोणता येणार?

इजखिर आणि रोशा एक नव्हेत. ही एका कुळातली चुलत भावंडे. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे त्यांची गल्लत केली. १९०६ साली ओटो श्टाप्फ या अभ्यासकाने हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या तेलगवतांची नीट विभागणी केली, तेव्हा कुठे तळोद्याच्या रोशाला त्याची वेगळी ओळख मिळाली. म्हणजे आमच्या गवताला बराच काळ अरबस्तानातून आलेले समजत होते. प्रत्यक्षात ते इथलेच होते, सातपुड्याच्या मातीतले. ही चूक फक्त गवताच्या बाबतीतच होते असे नाही.

हा धंदा एका दिवसात बुडाला नाही. १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारच्या ताब्यात आले, आणि डोंगरातले गवत कापायला परवाना लागू लागला. पुढे कारखान्यात जिरेनिऑल तयार होऊ लागले. साबणवाल्यांना ते स्वस्त पडे. माळरानाची शेते झाली, आणि अलीकडे त्या शेतांत ऊस, केळी, पपई उभी राहिली. आज आमच्या गावात कुणाला रोशेल विचारले तर तो औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवतो. जुनी माणसे गुडघेदुखीवर ते चोळत, एवढी आठवण शिल्लक आहे.

देग परत येणार नव्हती. पण गवत तर डोंगरात असेलच, निदान एक ठोंब परसात लावावा, असे आमच्या मनाने घेतले. यात आम्ही तीन वेळा फसलो, ते सविस्तर सांगतो, म्हणजे कुणाला लावायचा झाला तर त्याचे श्रम वाचतील.

पहिल्या खेपेला आम्ही दिवाळीनंतर गेलो. तुरे होते म्हणून गवत ओळखता आले. मोठा ठोंब उपटून आणला आणि नळाजवळच्या काळ्या जमिनीत लावला, पाणी भरपूर मिळावे म्हणून. महिन्याभरात तो कुजला. चुका दोन होत्या. तुरे आल्यावर गवताची वाढ संपलेली असते, तेव्हा हलवलेला ठोंब जीव धरत नाही. आणि रोशाला पाणी हवे पण साचलेले नको. उतारावरच्या गवताला आम्ही मोरीत बसवले होते.

दुसऱ्या खेपेला पावसाळ्यात आणले. जोमाने वाढले, तुरेही आले. चुरगाळून पाहिले तर वास गुलाबाचा नव्हता, सुंठेसारखा उग्र होता. रोशात दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे. जुन्या साहेबांची समजूत अशी होती की कोवळेपणी जे मोतिया तेच पिकल्यावर सोफिया. पुढे कळले की हे दोन वेगळेच प्रकार आहेत. मोतिया उघड्या, कोरड्या, उन्हाच्या उतारावर वाढते. सोफियाला दाट जंगलातली ओल चालते. गुलाबाचा वास मोतियाचा. आम्ही सावलीतून उचलून आणले होते ते सोफिया.

खरा ठोंब मिळाला तो एका वसाहतीत. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे बुडाली. त्यांतल्या अनेकांना १९९० नंतरच्या काळात तळोदा तालुक्यातल्या वनजमिनीवर वसवण्यात आले. त्यांतल्या एका घरी आमचा जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या आजोबांच्या अंगणाच्या कडेला रोशा उभा होता. आम्ही न विचारता पान चुरगाळले आणि आजोबा हसले. "मास्तर, हा तिकडचा," ते म्हणाले. गाव सोडताना बियाण्याची गाडगी, जात्याची पेड आणि या गवताचे दोन ठोंब त्यांनी बरोबर घेतले होते. गुरांना गोचिड्या झाल्या, अंग दुखले की पाला उपयोगी पडतो, म्हणून. आम्ही ठोंब मागितला. त्यांनी कुदळ आणली आणि उपटताना आम्हाला दटावले, "माती झाडू नका. मुळाला आपली माती राहू द्या, मग ते दुसरीकडे जगतं." स्वतः उपटून आणलेल्या माणसाने ते सांगितले होते. आम्ही मान खाली घातली आणि मातीसकट ठोंब पोत्यात गुंडाळला.

त्याची लागवड आम्ही अशी केली. जुलैचा पहिला आठवडा, दोन चांगले पाऊस झाल्यावर. वरची पाने वीतभर ठेवून कापून टाकली, म्हणजे मुळांवर भार पडत नाही. ठोंबाचे हाताने भाग केले. प्रत्येक भागाला दोन-तीन फुटवे आणि खाली जिवंत मुळ्या असाव्यात. असे दहा भाग निघाले. काळ्या मातीत मुरूम, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून भिंतीकडेला फूटभर उंच वरंबा केला. उंचवटा असला की पाणी थांबत नाही. दीड-दीड फुटावर एकेक भाग लावला. पावसाने उघडीप दिली तर एक दिवसाआड पाणी. दहांतले सहा जगले. जाणकार सांगतात की फुटव्यांच्या लागवडीत एवढी मर व्हायचीच.

बियांनीही लागवड होते, आणि जास्त रोपे हवी असतील तर तीच बरी. तुरे पिकून करडे झाले की कापून सावलीत वाळवायचे आणि हाताने चोळायचे. बी इतके हलके असते की फुंकरीने उडते. म्हणून ते दहापट बारीक वाळूत मिसळून मेअखेरीस वाफ्यावर पसरायचे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा आणि झारीने पाणी शिंपायचे. दहाबारा दिवसांत हिरवी लव दिसते. पाच आठवड्यांनी रोपे वीतभर झाली की पावसात कायम जागी लावायची. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास तुरे येतात. कापणी तुरे पूर्ण उमलल्यावर, बी भरण्याआधी, जमिनीपासून अर्धा फूट सोडून. खोडवा पुन्हा फुटतो. पुढच्या वर्षापासून दोन-तीन कापण्या होतात आणि चार-पाच वर्षे एकच ठोंब उत्पन्न देतो. मग तो मधून पोकळ होतो. तेव्हा पुन्हा भाग करून नवी जागा द्यायची. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे सुधारित वाणही काढले आहेत. जनरल मार्टिनने बी नेले तेही लखनौलाच, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

तिसऱ्यांदा फसलो ते शेजारच्या शेळीमुळे. फाटक उघडे राहिले आणि एका दुपारी तिने अर्धा वरंबा साफ केला. मार्टिनसाहेबाचे निरीक्षण बरोबर होते. शेजारच्या भाभींनी दोन दिवस तक्रार केली की चहाला अत्तराचा वास येतो. पण ठोंबाला काही झाले नाही. आठवड्यात तो पुन्हा फुटला.

त्या वर्षी तुरे आल्यावर आम्ही तेल काढायचा घाट घातला. देग नव्हती. मग प्रेशर कुकर घेतला, शिट्टी काढली, तिथे रबरी नळी बसवली आणि नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडली. सूनबाईने कुकर परत स्वयंपाकात घेणार नाही म्हणून आधीच सांगून टाकले. दादीचेच म्हणणे ते. पहिल्या खेपेचे पाणी रबराच्या वासाने भरून गेले. मग कासारआळीतून तांब्याची नळी करून आणली. दुसऱ्या खेपेला दोन किलो गवत घातले. तासाभराने बाटलीतल्या पाण्यावर पिवळसर तवंग दिसला. चमचाभरही नव्हता. आमच्या धाकट्या नातीने बोट बुडवून नाकाशी नेले आणि विचारले, "दादा, यात गुलाब टाकला का?"

आम्ही म्हटले, नाही. मग तिला जवळ बसवून भिल्लांचा भारा, ओढ्याकाठची भट्टी, कोंडाईबारीचा घाट, बुधले, इस्तंबूल असे सगळे सांगितले. तिने ऐकले आणि विचारले, "त्या लोकांची नावं काय होती?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. गॅझेटियरकडेही नाही. ज्यांच्या घरात अशा देगी होत्या, ज्यांच्या आजीने 'रोसे की देग' असा शब्द कधी उच्चारला होता, त्यांनी तो लिहून ठेवला नाही. आम्हीही दादीला विचारले नाही. आता एवढेच हातात आहे की जी नावे अजून आठवतात ती लिहून ठेवावीत. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांतल्या आमच्या वाचकांच्या घरी एखादी पालथी देग, बांबूची नळी, जुनी हिशेबवही असेल तर ती मोडीत घालण्याआधी एकदा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवावी आणि तो काय म्हणतो ते ऐकावे.

आमच्या भिंतीकडेचे सहा ठोंब आता चौदा झाले आहेत. चार वर्षे झाली, यंदा त्यांचे भाग करायचे आहेत. त्यांतले दोन आधी त्या वसाहतीतल्या अंगणात परत जातील. आजोबा आता नाहीत, आणि त्यांच्यामागे तिथला ठोंब पाण्यावाचून गेला असे त्यांचा नातू सांगत होता. उरलेले ज्यांना हवे त्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर यावे. येताना पोते आणावे. मुळाची माती झाडू नये.